वुडी गथ्री : बखर आणि अस्सल कागद

१/११
'दिस लँड इज युअर लँड' या गीताचा कर्ता वुडी गथ्री (१९१२–१९६७) जगाला गायक म्हणून ठाऊक आहे. मात्र त्याने लिहिलेली आणि त्याच्यावर लिहिली गेलेली पुस्तके शेजारी शेजारी ठेवली की इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक जुनाच प्रश्न उभा राहतो. माणसाने स्वतःविषयी सांगितलेले कितपत प्रमाण मानावे? #थ्रेड #म

२/११
प्रथम पार्श्वभूमी. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानी प्रदेशावर दुष्काळ, धुळीची वादळे आणि आर्थिक महामंदी अशी तिन्ही संकटे एकदम कोसळली. लाखो लोक गाव सोडून निघाले. ओक्लाहोमात जन्मलेला गथ्री १९३७ मध्ये टेक्सासहून कॅलिफोर्नियाला गेला. या विस्थापितांचे जगणे हाच पुढे त्याच्या गीतांचा विषय झाला.

३/११
१९४३ मध्ये 'बाउंड फॉर ग्लोरी' हे त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. तेव्हा तो अवघा ३० वर्षांचा होता. पुस्तकातील रेखाचित्रेही त्याचीच. आरंभच मालगाडीच्या डब्यात दाटीने बसलेल्या भटक्या माणसांच्या वर्णनाने होतो. १९६० च्या सुमारास तरुण बॉब डिलन या पुस्तकाने झपाटला आणि १९६१ च्या आरंभी रुग्णालयात जाऊन गथ्रीला भेटला.

४/११
परंतु हे पुस्तक जपून वाचावे लागते. बालपणीचे लांबलचक संवाद शब्दशः दिलेले आहेत, प्रसंग रंगवलेले आहेत आणि डाव्या चळवळीशी असलेल्या नात्याला फारशी जागा नाही. प्रत्यक्षात १९३९ पासून 'पीपल्स वर्ल्ड' या कम्युनिस्ट वृत्तपत्रात त्याचे 'वुडी सेझ' हे सदर येत होते. आपल्याकडे बखर वाचताना जी सावधगिरी बाळगतात, तीच येथेही हवी.

५/११
अस्सल कागदांपर्यंत पोहोचण्याचे काम पुढच्या चरित्रकारांनी केले. कुटुंबाकडील कागदपत्रे पाहून जो क्लाइन याने १९८० मध्ये विस्तृत चरित्र लिहिले. एड क्रे याचे 'रॅम्बलिन मॅन' २००४ मध्ये आले. २०११ मध्ये विल कॉफमन याने गथ्रीच्या राजकारणावरच स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

६/११
या शोधातून अप्रिय गोष्टीही समोर आल्या. २५ मे १९११ रोजी, गथ्रीच्या जन्माआधी वर्षभर, त्याच्या ओकीमा गावाजवळ लॉरा नेल्सन ही कृष्णवर्णीय स्त्री आणि तिचा किशोरवयीन मुलगा यांना जमावाने पुलावरून फासावर लटकावले. त्या दृश्याची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली. आपले वडील चार्ली त्यात सामील होते, असे गथ्री सांगत असे. तत्कालीन दस्तऐवजाचा आधार त्याला नाही. या घटनेवर त्याने पुढे गीते रचली.

७/११
काही पुस्तके लिहून झाली तरी वाचकांपर्यंत उशिरा पोहोचली. अ‍ॅलन लोमॅक्स, गथ्री आणि पीट सीगर यांनी १९४० च्या सुमारास श्रमिकांच्या गीतांचा मोठा संग्रह सिद्ध केला. तो प्रसिद्ध झाला १९६७ मध्ये, गथ्रीच्या मृत्यूच्या वर्षी. टेक्सासमधील एका कष्टकरी जोडप्याला मातीच्या विटांचे पक्के घर हवे आहे, अशी कथा असलेली 'हाउस ऑफ अर्थ' ही कादंबरी त्याने १९४७ मध्ये पूर्ण केली. ती छापली गेली २०१३ मध्ये.

८/११
आता सर्वांत बोलके उदाहरण. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोस दरीत विमान कोसळून ३२ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील २८ जण मेक्सिकोला परत पाठवले जाणारे शेतमजूर होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वृत्तात चार अमेरिकनांची नावे आली. मजुरांचा उल्लेख केवळ 'परत पाठवलेले' एवढाच. फ्रेझ्नो येथे त्यांना एकाच सामूहिक कबरीत पुरण्यात आले.

९/११
गथ्रीने त्यावर 'डिपोर्टी' हे गीत लिहिले. सुमारे दहा वर्षांनी मार्टिन हॉफमन याने त्याला चाल दिली आणि सीगरसारख्या गायकांनी ते सर्वदूर नेले. गीतातील मजुरांची नावे काल्पनिक होती. खरी नावे कबरीवरही नव्हती.

१०/११
ती शोधली टिम हर्नांडेझ या लेखकाने. दफनभूमीच्या नोंदी, जुनी वृत्तपत्रे आणि मृतांचे नातलग यांच्या आधारे २८ नावे जुळवली गेली. सप्टेंबर २०१३ मध्ये, अपघातानंतर ६५ वर्षांनी, ती दगडावर कोरून त्याच कबरीवर बसवण्यात आली. २०१७ मध्ये हर्नांडेझचे 'ऑल दे विल कॉल यू' हे पुस्तक आले. मूळ गीत नसते, तर हा शोध घ्यावा असे कोणाला सुचले असते?

११/११
म्हणून अभ्यासकाने गीत आणि आत्मचरित्र यांना पुरावा मानण्याची घाई करू नये, आणि त्यांना टाकूनही देऊ नये. कोठे खणायचे हे ती सांगतात. खणण्याचे काम आपले. वाचायला आरंभ करायचा असेल तर 'बाउंड फॉर ग्लोरी' प्रथम, मग क्लाइन आणि शेवटी हर्नांडेझ असा क्रम ठेवावा. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या गाण्यात अशी हरवलेली माणसे असतील, तर खाली अवश्य लिहा.