एम-स्कोपचं घराणं

२००६ साली टेक्सासमधल्या एल पासोच्या फर्स्ट टेक्सास प्रॉडक्ट्स या कंपनीनं फिशर रिसर्च लॅबोरेटरी विकत घेतली. तोवर ही कंपनी ओळखली जायची ती बाउंटी हंटरमुळे, म्हणजे हौशी लोकांच्या खिशाला परवडणाऱ्या मेटल डिटेक्टरमुळे. फिशर म्हणजे या धंद्यातलं सर्वांत जुनं मानलं जाणारं नाव. माझी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात, जमिनीखालच्या लाइनी शोधण्यात गेली. त्यामुळे या खरेदीकडे मी नाणी शोधणाऱ्यांच्या नजरेनं पाहत नाही. आमच्या हातात असायचं तसलं दोन पेट्यांचं यंत्र फिशरच्याच घराण्यातलं. नव्या मालकाकडे त्याचं काय झालं, हा माझा प्रश्न.

धातू विजेच्या मदतीनं शोधायची कल्पना फिशरच्याही आधीची. १८८१ साली राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल असलं यंत्र घेऊन गेले होते, पण गोळी सापडली नाही. पलंगातल्या पोलादी स्प्रिंगांनीही यंत्राला चकवलं, असं सांगतात. रोज वापरता येईल आणि दुकानातून विकत आणता येईल असं यंत्र मात्र गेरहार्ड फिशर यांनी केलं. जर्मनीहून अमेरिकेत आलेला हा माणूस १९२०च्या दशकाच्या शेवटी विमानांना रेडिओलहरींवरून दिशा दाखवणाऱ्या यंत्रांवर काम करत होता. वैमानिक तक्रार करायचे की काही ठिकाणी यंत्र दिशा चुकवतं. फिशर यांनी कारण शोधलं. मध्ये धातूची वस्तू किंवा खनिजाचा खडक आला की लहरी वाकत होत्या. यंत्राची खोड म्हणून ते सोडून देता आलं असतं. त्यांनी त्या खोडीचंच यंत्र केलं.

१९३१ साली पालो आल्टोतल्या गॅरेजमध्ये कंपनी सुरू झाली. पहिला एम-स्कोप म्हणजे दोन सपाट लाकडी पेट्या, आत तांब्याच्या तारेची वेटोळी आणि रेडिओत असायचे तसले पाच व्हॉल्व्ह. पेटंट जानेवारी १९३७चं. सोनं शोधणाऱ्यांनी तो घेतला, पाणी आणि टेलिफोनच्या कंपन्यांनी घेतला, लाकडाच्या गिरण्यांनीही घेतला, कारण ओंडक्यात रुतलेला खिळा करवतीचं पातं मोडतो.

दोन पेट्यांची युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. एका दांड्याच्या दोन टोकांना पेट्या, एक लहरी सोडणारी, दुसरी ऐकणारी. एक आडवी, दुसरी उभी, काटकोनात. त्यामुळे पहिलीचा आवाज दुसरीला थेट ऐकू येत नाही. बटण फिरवून आवाज अगदी बारीक करायचा आणि चालायला लागायचं. खाली मोठा धातू आला की लहरी वाकतात, आवाज चढतो. फिटर लगेच फक्की टाकतो. खिळ्यामोळ्यांना हे यंत्र दाद देत नाही, म्हणून रस्त्यावर ते फार कामाचं.

खोली काढायची रीत तर मला आजही सुंदर वाटते. लहरी सोडणारी पेटी लाइनीवर ठेवायची, ऐकणारी घेऊन लांब जायचं. योग्य कलात धरली की लाइनीच्या बरोबर वर आवाज बंद पडतो. मग पेटी ४५ अंशांत तिरकी धरून लाइनीला सोडून बाजूला चालायचं. आवाज पुन्हा बंद पडेल तिथं थांबायचं आणि टेप लावायचा. लाइनीपासून जितकं अंतर, तितकीच खोली. शिशाच्या जोडांची जुनी बिडाची लाइन अशी दूरवर माग देते. रबरी जोड आले की माग तुटतो. पीव्हीसी तर अजिबात बोलत नाही.

१९६७ साली फिशर निवृत्त झाले. पुढे कारखाना कॅलिफोर्नियातल्या लॉस बानोसला गेला आणि २००६च्या खरेदीनंतर तिथून एल पासोला. लॉस बानोसनं इतकी वर्षं केलेलं काम गावातून गेलं, ही या व्यवहाराची दुखरी बाजू आहे. ती लपवून नव्या मालकाचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही.

पण कौतुकाचं बरंच आहे. लॉस बानोसमध्ये १२६०-एक्स आणि मूळ गोल्ड बग हे फिशरचे डिटेक्टर ज्यांनी आखले, ते डेव्ह जॉन्सन मधल्या काळात इतर कंपन्यांसाठी काम करत होते. फर्स्ट टेक्सासकडे ते मुख्य रचनाकार होते. म्हणजे फिशरचं नाव विकत आलं तेव्हा फिशरची यंत्रं घडवणारा हात आधीच त्या छपराखाली होता. एफ-७५ हे नवं यंत्र त्यांच्याच हातून फिशरच्या नावानं आलं. १९९५चा गोल्ड बग २ आपल्या साध्या बटणांसह ७१ किलोहर्ट्झवर तसाच बनत राहिला. दोन पेट्यांचा टीडब्ल्यू-६ आणि पाण्याची गळती ऐकणारी एक्सएलटी यंत्रंही नव्या मालकानं चालू ठेवली. लाइन शोधणारी गिऱ्हाइकं नाणी शोधणाऱ्यांपेक्षा कमी. तरी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, याला मी वारसा जपणं म्हणतो. डबीवर १९३१ छापणं सोपं असतं.

याच धंद्यात दुसरंही घडलं. ओरेगॉनमधल्या स्वीट होम गावची, १९५०पासूनची व्हाइट्स इलेक्ट्रॉनिक्स २०२० साली बंद पडली. तिच्या रचना टेक्सासच्या गॅरेटनं घेतल्या आणि गोल्डमास्टर २४के गॅरेटच्या नावानं बाजारात आणला. यंत्र वाचलं, ही लहान गोष्ट नाही. तरी फिशरच्या वाट्याला आलं ते अधिक पुरतं होतं. नाव, रचना आणि त्या रचनांचा जाणकार, तिन्ही एकत्र राहिले.

आपल्याकडच्या पाणीपुरवठ्यातल्या मंडळींना माझी एक विनंती आहे. भांडारात दोन पेट्यांचा जुना लोकेटर पडून असेल, कोणत्याही कंपनीचा असो, तर लिलावाच्या यादीत घालण्याआधी त्याला नवे सेल घाला आणि नव्या भरतीच्या एखाद्या मुलाला ४५ अंशांची रीत शिकवा. बिडाच्या लाइनी अजून रस्त्याखाली आहेत, आणि त्यातल्या कितीतरी कुठल्याच नकाशावर नाहीत.