शहरी बालकांचा आहार : पोट भरलेले, लोह अपुरे

पहिल्या वर्षात जन्मवेळच्या वजनाच्या तिप्पट होणारे बालक दोन ते पाच या वयात वर्षाला साधारणतः दोनच किलोने वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. 'मूल जेवतच नाही' ही घरोघरची तक्रार बहुधा येथूनच सुरू होते आणि तिच्यावरचा उपाय म्हणून दुधाचा आणखी एक पेला, मधल्या वेळची बिस्किटे व दूरचित्रवाणीसमोर बसवून भरवणे यांची सवय लागते.

या सवयींकडे गांभीर्याने पाहण्याचे कारण २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातून पुढे आले. त्यानुसार देशातील एक ते चार वर्षांच्या ३२ टक्के बालकांच्या शरीरात लोहाची कमतरता होती. ग्रामीण भागात हे प्रमाण २९ टक्के, तर शहरी भागात ४१ टक्के होते. सोयीसुविधा व उत्पन्न अधिक तेथे पोषण चांगले, या समजुतीच्या हे नेमके उलट आहे.

या तफावतीला एकच कारण नाही. मात्र आहाराचा वाटा स्पष्ट दिसतो. दूध हे कॅल्शियम व प्रथिनांचा उत्तम स्रोत असले तरी त्यात लोह अत्यल्प असते. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या बालकाच्या पोटात डाळ, भाकरी, पालेभाजी वा अंड्यासाठी जागा उरत नाही. चार ते सहा वर्षांच्या बालकास दिवसाला सुमारे १३५० किलोकॅलरी व ११ मिलिग्रॅम लोह लागते. बिस्किटे आणि तळलेल्या पाकीटबंद पदार्थांनी त्यातील पहिली गरज सहज भागते, दुसरी नाही.

दुधात घालावयाच्या गोड भुकटींचाही येथे उल्लेख करावा लागेल. 'हेल्थ ड्रिंक' अशी संज्ञा अन्नसुरक्षा कायद्यात नसल्याने अशी पेये त्या वर्गवारीतून वगळावीत, अशी सूचना केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री कंपन्यांना केली होती.

झोपडपट्ट्यांतील प्रश्न वेगळा आहे. आईवडील दोघेही कामावर जातात, स्वयंपाक दिवसातून एकदाच होतो आणि मधल्या वेळी मुलाच्या हाती चहा-बिस्किट किंवा पाच रुपयांचे पाकीट येते. चहातील टॅनिन अन्नातील लोहाचे शोषण रोखते. अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी दररोज पूरक आहार ठरलेला आहे, परंतु सतत जागा बदलणाऱ्या कुटुंबांची मुले त्यापासून दूर राहतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील शहरी बालकांपैकी सुमारे ३० टक्के खुजी, तर सुमारे ४ टक्के अतिवजनाची आढळली.

सुधारणेसाठी महागडे पदार्थ लागत नाहीत. डाळीच्या खिचडीवर पिळलेले लिंबू किंवा जेवणासोबत पेरूची फोड वनस्पतीजन्य लोहाचे शोषण वाढवते. नाचणीचे सत्त्व, मोड आलेल्या मुगाचे धिरडे, दडपे पोहे, इडली-सांबार यांपैकी घरी जे होते ते चालते. नवी भाजी एकदोनदा नाकारली म्हणून सोडून देणे योग्य नाही. आठ-दहा वेळा, थोडी थोडी आणि आग्रह न करता समोर आली की अनेक मुले ती स्वीकारतात. दोन जेवणांमध्ये दोन-अडीच तास पाण्याखेरीज काही न दिल्यास भूकही आपोआप लागते.

लोहाच्या कमतरतेचा परिणाम केवळ अंगकाठीवर होत नाही. ज्या वर्षांत बालक बोलणे, लक्ष देणे व शिकणे आत्मसात करते, त्याच वर्षांत मेंदूला लोहाची गरज असते. म्हणूनच २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह व फॉलिक ॲसिडचे द्रावण देण्याची तरतूद करण्यात आली. या औषधाने शौचाचा रंग काळसर होतो. हा अपाय नव्हे, तरीही घाबरून अनेक घरांत बाटली अर्धीच ठेवली जाते. द्रावण दुधात मिसळून वा दुधाच्या वेळी देऊ नये, कारण तसे केल्यास त्याचा उपयोग घटतो.