राबाच्या धुरापासून बुरशीच्या फांसापर्यंत

कल्याणाहून अंबरनाथ-बदलापुराकडे जातांना आज कारखाने आणि इमारती यांचीच दाटी दृष्टीस पडते. तथापि आसपासच्या खेड्यांतून भातशेती अद्याप अगदींच नाहींशी झालेली नाहीं. पूर्वीं पावसाळा तोंडावर येण्याच्या सुमारास या मुलखांत जागोजाग धूर दिसे. ज्या वाफ्यांत रोपें करावयाचीं, त्यावर शेण, कवळ, पालापाचोळा यांचे थर रचून, वर माती पसरून शेतकरी ते पेटवून देई. यासच 'राब' म्हणतात.

या धुरानें सरकारच्याही डोळ्यांत पाणी आणलें. कवळ तोडल्यानें रान उजाड होतें, असें जंगलखात्याचें म्हणणें. कवळावांचून भात नाहीं, हें रयतेचें गाऱ्हाणें. अखेर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील अशा तक्रारींच्या चौकशीसाठीं १८८५ सालीं कमिशन नेमावें लागलें. पुढें १९१२ सालीं डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर यांच्यासह राबावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. अडाणी म्हणून हिणविलेली चाल अशी प्रयोगशाळेंत जाऊन बसली!

विस्तवानें माती सुधारते कशी? रॉथॅमस्टेड येथील रसेल व हचिन्सन यांनीं १९०९ सालीं असें मांडलें कीं, तापलेल्या मातींत उपकारक जंतूंना खाणारे जीव मरतात व उरलेले जंतु जोमानें वाढून पिकास अन्न पुरवितात. या उपपत्तीस पुढें मुरड पडली. परंतु मूठभर मातींत मित्र व शत्रु यांचें एक नगरच नांदतें, ही दृष्टि कायम राहिली.

त्या नगरांतील एक शत्रु म्हणजे सूत्रकृमि. हा दोऱ्यासारखा सूक्ष्म जीव मुळांत शिरून गांठी आणतो. बर्कले यांनीं १८५५ सालीं इंग्लंडांत काकडीच्या मुळांवर, तर बार्बर यांनीं १९०१ सालीं दक्षिण हिंदुस्थानांत चहाच्या मुळांवर अशा गांठी नोंदल्या. भात, वांगें, सोलापूरकडील डाळिंब, कोणीही त्यांतून सुटलेलें नाहीं. विस्तवानें वरच्या थरांतील कृमि मरतात. पण सारें शेत कोण भाजणार? म्हणून विषें आलीं. त्यांपैकीं डीबीसीपी हें द्रव्य तयार करणाऱ्या अमेरिकन कामगारांस वंध्यत्व आल्याचें १९७७ सालीं उघडकीस आलें.

मित्र मात्र मातींतच होता. १८८८ सालीं जर्मनींत झोफ यांनीं एका बुरशीचे फांस पाहिले. त्यांत जिवंत कृमि अडकतो व बुरशी त्याच्या देहांत शिरून त्यास फस्त करते. १९३७ सालीं हवाई बेटांत लिनफर्ड यांस आढळलें कीं, अननसाचा पाला मातींत मिसळला असतां कृमींचे असे शत्रु बळावतात. १९७९ सालीं पेरू देशांत जताला व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कृमींचीं अंडीं खाणारी बुरशी नोंदली. आज ती बुरशी, तशीच ट्रायकोडर्मा, मुरलेल्या शेणखतांत मिसळून रोपांच्या मुळाशीं देतात. ओल व सेंद्रिय खत नसेल तर हा मित्र उपाशी मरतो, आणि गुणही सावकाश येतो.

रोप कोवळें असतांच त्याचें रक्षण करावें, ही राब भाजणाऱ्याची जाणीव खरी होती. जें शेण आणि जो पाला त्यानें जाळला, तोच न जाळतां मुरवून या मित्रांच्या मुखीं घालावा, एवढीच दुरुस्ती शास्त्रानें सुचविली आहे. बदलापुराकडे उरलेल्या खांचरांत ती अंमलांत येणें अशक्य नाहीं. मात्र तोंवर खांचरें उरलीं पाहिजेत!