लॅपटॉप सुरूच होत नाही? ‘फॉरमॅट’ मारण्याआधी बूटेबल पेनड्राइव्ह कसा कामाला येतो आणि तो कसा बनवायचा

१९ जुलै २०२४ ला जगभरातल्या विमानतळांवर, बँकांमध्ये आणि हॉस्पिटलांमध्ये कॉम्प्युटरच्या स्क्रीन अचानक निळ्या झाल्या. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे हे घडलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर त्यात अडकले. भारतातही काही प्रवाशांच्या हातात पेनने लिहिलेले बोर्डिंग पास आले.

कंपनीने ते अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं. तरी गोंधळ पुढे कितीतरी दिवस चालला. कारण साधं होतं. जो कॉम्प्युटर सुरूच होत नाही, त्याला इंटरनेटवरून दुरुस्त करणार कसं? बऱ्याच ठिकाणी कुणीतरी प्रत्यक्ष मशीनपाशी जाऊन एक फाइल डिलीट करावी लागली. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक टूल दिलं. ते पेनड्राइव्हवर टाकायचं आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. यालाच म्हणतात बूटेबल पेनड्राइव्ह.

घरच्या लॅपटॉपवर अशी वेळ आली की बहुतेक जण तो दुकानात नेतात. तिथे बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, “फॉरमॅट मारावा लागेल.” आणि मग डेस्कटॉपवर ठेवलेले लग्नाचे फोटो, शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट, दुकानाचा वर्षाचा हिशोब, सगळंच जातं. प्रत्यक्षात विंडोज बिघडलं म्हणजे फाइल गेल्या, असं नसतं. बूटेबल पेनड्राइव्हचा सर्वांत मोठा उपयोग हाच, की फॉरमॅटच्या आधी त्या फाइल बाहेर काढता येतात.

बूटेबल पेनड्राइव्ह म्हणजे नेमकं काय?

पॉवरचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी विंडोज सुरू होत नाही. आधी जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्या मशीनमध्ये युईएफआय. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते बघतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टीम कुठे आहे ते शोधतो. डिस्कवर ती सापडली की पुढचं काम तिच्याकडे सोपवतो. या सगळ्या प्रक्रियेला बूट होणं म्हणतात.

पण ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवरच असली पाहिजे, असा काही नियम नाही. ती पेनड्राइव्हवर असली तरी चालते. म्हणजे आतलं विंडोज पूर्ण बिघडलेलं असलं, तरी लॅपटॉप बाहेरून सुरू करता येतो आणि आतली डिस्क एखाद्या साध्या फोल्डरसारखी उघडून बघता येते.

आयएसओ फाइल कॉपी-पेस्ट केली की झालं का?

नाही. इथेच बरेच जण फसतात. विंडोज किंवा लिनक्स डाउनलोड केलं की आयएसओ नावाची एक मोठी फाइल मिळते. पूर्वीच्या सीडी-डीव्हीडीचा तो जसाच्या तसा साचा असतो. ही फाइल नुसती पेनड्राइव्हवर टाकली, तर बायोसला त्यात सुरू करण्यासारखं काहीच सापडत नाही. आतला मजकूर योग्य पद्धतीने मांडून द्यावा लागतो आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. अशी तीन साधनं जास्त वापरली जातात आणि तिन्ही फुकट आहेत.

मीडिया क्रिएशन टूल: हे मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं टूल. फक्त विंडोजचा पेनड्राइव्ह बनवायचा असेल तर सर्वांत सोपं.

रुफस: विंडोजवर चालणारं छोटंसं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. विंडोज आणि लिनक्स, दोन्हींच्या आयएसओ फाइलवरून पेनड्राइव्ह बनवतं.

व्हेंटॉय: हेही ओपन सोर्स. पेनड्राइव्हवर एकदा व्हेंटॉय टाकलं की नंतर हव्या तितक्या आयएसओ फाइल खरोखरच नुसत्या कॉपी करायच्या. लॅपटॉप त्यावरून सुरू केला की सगळ्यांची यादी समोर येते. हवं ते निवडायचं. उरलेल्या जागेत नेहमीच्या फाइलही ठेवता येतात.

दुरुस्तीसाठी एकच पेनड्राइव्ह ठेवायचा असेल तर व्हेंटॉय सोयीचं पडतं.

पेनड्राइव्ह बनवायचा कसा?

फक्त विंडोजसाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह चालतो. तीन-चार साधनं एकत्र ठेवायची असतील तर ३२ जीबीचा घ्यावा. आणि चालू स्थितीतला एक कॉम्प्युटर लागतो. म्हणूनच हे काम लॅपटॉप बंद पडण्याआधी करून ठेवणं शहाणपणाचं.

१. पेनड्राइव्हवर आधीचं काही असेल तर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. वरच्या तिन्ही पद्धतींत पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो.

२. व्हेंटॉय त्याच्या अधिकृत साइटवरून डाउनलोड करा आणि सुरू करा. यादीत तुमचाच पेनड्राइव्ह निवडला आहे ना, हे त्याच्या जीबीवरून दोनदा तपासा. कॉम्प्युटरला बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती आधी काढून ठेवा. चुकून ती निवडली गेली तर तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल.

३. इन्स्टॉल दाबा. काही सेकंदांत काम होतं.

४. आता आयएसओ फाइल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर टाका. विंडोजची फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. टेलिग्राम चॅनल किंवा टॉरंटवरून मिळणाऱ्या ‘ॲक्टिव्हेटेड’ विंडोजमध्ये व्हायरस घातलेला असू शकतो. ज्याने दुरुस्ती करायची, त्यानेच आजार आणला असं व्हायला नको.

त्यात काय काय ठेवायचं?

विंडोजची आयएसओ: नवीन विंडोज टाकण्यासाठीच नाही, तर असलेलं दुरुस्त करण्यासाठीही. ती सुरू झाल्यावर इन्स्टॉलऐवजी दुरुस्तीचा पर्याय निवडला की ‘स्टार्टअप रिपेअर’, ‘सिस्टीम रिस्टोअर’ आणि नुकतंच आलेलं अपडेट काढून टाकण्याची सोय मिळते. बऱ्याचदा काम इथेच होतं.

लिनक्स मिंट किंवा उबंटू: दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालवता येतात. मिंट तर दिसायलाही बरंचसं विंडोजसारखं, त्यामुळे फाइल शोधून कॉपी करणं कुणालाही जमतं.

मेमटेस्ट८६ प्लस: रॅम तपासणारं अगदी छोटं साधन. लॅपटॉप मध्येच बंद पडत असेल किंवा दरवेळी वेगळीच एरर येत असेल, तर आधी हे चालवावं.

सिस्टीम रेस्क्यू: थोडी जास्त माहिती असणाऱ्यांसाठी. यात पार्टिशन सांभाळणारं जीपार्टेड आणि डिलीट झालेल्या फाइल शोधणारं फोटोरेक ही साधनं आधीच असतात.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू कसा करायचा?

लॅपटॉप पूर्ण बंद करा, पेनड्राइव्ह लावा, पॉवरचं बटण दाबा आणि लगेच बूट मेनूची की पुन्हा पुन्हा दाबत राहा. ही की कंपनीनुसार बदलते. साधारणपणे ती अशी असते:

– डेल: एफ१२
– लेनोव्हो: एफ१२. काही मॉडेलवर नोव्हो नावाचं छोटं बटण असतं
– एचपी: एस्केप, मग एफ९
– असुस: एस्केप
– एसर: एफ१२. काही मॉडेलमध्ये हा मेनू आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो

समोर आलेल्या यादीतून पेनड्राइव्ह निवडा. नव्या लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट नावाची सुरक्षा असते. ती चालू असेल तर व्हेंटॉय पहिल्या वेळी एक की नोंदवायला सांगतं. स्क्रीनवरच्या सूचनांप्रमाणे ती एकदा नोंदवली की त्या लॅपटॉपवर पुन्हा विचारणा होत नाही.

आधी फाइल, मग दुरुस्ती

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झालं की समोर जो इन्स्टॉलचा आयकॉन दिसतो, त्याला हात लावू नका. फाइल मॅनेजर उघडा. डाव्या बाजूला आतली डिस्क दिसेल. तिच्यात ‘युजर्स’ नावाचं फोल्डर, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स असतात. ही चारही फोल्डर सी ड्राइव्हवरच असतात. “फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो, बाकीचं तसंच राहील” असं सांगितलं, तरी डेस्कटॉपवरच्या फाइल जातात त्या यामुळेच.

ही फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये असू शकतो, तो मुद्दाम शोधा. लिनक्सने डिस्क ‘रीड ओन्ली’ आहे असं सांगितलं तर घाबरू नका. विंडोज नीट बंद झालेलं नसलं की असं होतं. कॉपी करायला त्याने अडत नाही.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा कॉपी करताना ती सारखी अडकत असेल, तर डिस्कच शेवटच्या घटका मोजत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी दुरुस्तीचं कुठलंही टूल चालवू नका, कारण त्याने डिस्कवर आणखी ताण येतो. सर्वांत महत्त्वाच्या फाइल आधी काढा. त्याही निघत नसतील तर लॅपटॉप बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

बिघाड कुठे आहे, हे कसं कळतं?

पेनड्राइव्हवरून लिनक्स अर्धा-एक तास व्यवस्थित चाललं, तर रॅम, स्क्रीन आणि मदरबोर्ड बहुधा ठीक आहेत. दोष विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये असावा. लिनक्सही अडकत असेल, तर विंडोज पुन्हा टाकून काहीच उपयोग नाही. आधी रॅम आणि पंखा तपासावा लागेल. लिनक्स चालतं पण आतली डिस्क दिसतच नाही, तर डिस्क निकामी झालेली असू शकते. मात्र काही इंटेल लॅपटॉपमध्ये बायोसमधल्या डिस्कच्या सेटिंगमुळेही ती लपते. तेव्हा लगेच नवी डिस्क विकत घेऊ नका.

दुकानात जायची वेळ आलीच, तर ही माहिती सोबत असलेली बरी. नेमकं काय बदलायचं, हे विचारता येतं.

आणि विंडोज पुन्हा टाकावंच लागलं, तरी मूळ लॅपटॉपसोबत आलेल्या खऱ्या विंडोजचा परवाना सहसा मशीनशी जोडलेला असतो. तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट लागताच ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज पडत नाही.

४८ आकडी की सांभाळून ठेवा

वरच्या सगळ्यात एक मोठी अडचण येऊ शकते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असते, कित्येकदा मालकाला न कळता. अशी डिस्क पेनड्राइव्हवरून उघडायला गेलं की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर फाइल डिस्कवर असूनही हाती लागत नाहीत. बायोसमधली सिक्युअर बूटसारखी सेटिंग बदलल्यावरही विंडोज ही की मागू शकतं. क्राउडस्ट्राइकच्या वेळी कित्येक कंपन्यांचं काम याच कीपाशी अडलं होतं.

ही की बहुतेकदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. लॅपटॉप चालू असतानाच तिथे लॉगिन करून ती शोधा आणि वहीत लिहून ठेवा.

या कुलपाची दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. डिस्कला बिटलॉकर नसेल, तर बूटेबल पेनड्राइव्ह असलेला कुणीही विंडोजचा पासवर्ड न टाकता तुमच्या फाइल बघू शकतो. लॅपटॉप चोरीला गेला तर हेच कुलूप उपयोगी पडतं. त्यामुळे बिटलॉकर बंद करण्यापेक्षा की जपून ठेवणं जास्त चांगलं.

बूटेबल पेनड्राइव्हने काय होत नाही?

पॉवरचं बटण दाबूनही लाइटच लागत नसेल, चार्जिंगचा भाग जळला असेल किंवा पाणी गेलं असेल, तर पेनड्राइव्ह काही करू शकत नाही. ॲपलच्या मॅकसाठीही इथला पेनड्राइव्ह उपयोगी नाही, त्यांची रिकव्हरीची पद्धत वेगळी असते. आणि हा पेनड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क पूर्ण गेली तर दुसरीकडे ठेवलेली कॉपीच वाचवते.

पेनड्राइव्ह तयार झाला की चालू लॅपटॉपवर एकदा त्यावरून लिनक्स सुरू करून बघा. त्यात बूट मेनूची की कोणती ते कळतं, आपली फोल्डर कुठे दिसतात ते कळतं आणि बिटलॉकर आहे की नाही, तेही समजतं. मग पेनड्राइव्हवर मार्करने नाव लिहा आणि त्या ४८ आकड्यांच्या कागदापासून वेगळ्या जागी ठेवून द्या. विंडोजच्या नव्या आवृत्त्या येत राहतात, त्यामुळे वर्षातून एकदा त्यातल्या आयएसओ फाइल बदलल्या की पुरे.