परदेशी क्लायंटच्या बिलावर जीएसटी लागतो का? फ्रीलान्सर्ससाठी सोप्या भाषेत

समजा, वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत घरी बसून एखाद्या तरुणीनं जर्मनीतल्या कंपनीची वेबसाइट तयार केली. आता बिल पाठवायचं आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला, तर क्लायंट विचारणार, ‘भारताचा कर आम्ही का भरायचा?’ आणि नाही लावला, तर उद्या नोटीस आली की तोच कर स्वतःच्या खिशातून जाण्याची भीती.

थोडक्यात उत्तर असं : सेवेची निर्यात झाली असेल, तर कराचा दर शून्य. पण क्लायंट परदेशात आहे एवढ्यावरून ती निर्यात ठरत नाही. त्यासाठी कायद्यात अटी आहेत.

व्हॅट की जीएसटी?

परदेशी क्लायंट अनेकदा ‘व्हॅट नंबर’ मागतात, तिथून गोंधळ सुरू होतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट लागू झाला, पण तो वस्तूंच्या विक्रीवर होता. सेवांवर केंद्र सरकारचा वेगळा सेवा कर होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दोन्ही त्यात आले. राज्याचा व्हॅट आता पेट्रोल, डिझेल, दारू अशा मोजक्याच गोष्टींवर उरला आहे. त्यामुळे आष्टीतल्या डिझायनरकडे व्हॅट नंबर नसतो. नोंदणी केली असेल, तर जीएसटी क्रमांक असतो.

जर्मनीतल्या व्हॅटचं काय? क्लायंट तिथली नोंदणीकृत कंपनी असेल, तर अशा सेवेवरचा व्हॅट साधारणपणे ती कंपनी स्वतःच आपल्या विवरणपत्रात दाखवते. याला ‘रिव्हर्स चार्ज’ म्हणतात. कंपनीऐवजी सामान्य ग्राहकांना ऑनलाइन कोर्स किंवा अ‍ॅप विकत असाल, तर मात्र त्या देशाचे नियम वेगळे तपासावे लागतात.

निर्यात कधी ठरते?

आयजीएसटी कायदा, २०१७ च्या कलम २(६) मध्ये पाच अटी आहेत. पाचही पूर्ण व्हाव्या लागतात :

१. सेवा देणारा भारतात असावा.
२. सेवा घेणारा भारताबाहेर असावा.
३. सेवेचं ‘पुरवठ्याचं ठिकाण’ भारताबाहेर असावं.
४. पैसे परकीय चलनात यावेत. रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयांतही चालतात.
५. देणारा आणि घेणारा ही एकाच संस्थेची दोन कार्यालयं नसावीत.

सगळ्यात जास्त गफलत तिसऱ्या अटीत होते. सर्वसाधारण नियम असा की क्लायंट जिथे, तिथे पुरवठ्याचं ठिकाण. पण त्याला अपवाद आहेत. दुबईत नोकरी करणाऱ्या एखाद्यानं आष्टीतल्या आपल्या घराचं इंटिरियर करून घेतलं आणि पैसे दुबईहून पाठवले, तरी ती निर्यात नाही. घर-जमिनीशी थेट संबंधित सेवेचं ठिकाण म्हणजे ती मालमत्ता जिथे आहे ते गाव. नोंदणीकृत डिझायनरला अशा बिलावर कर लावावाच लागतो.

दुसरा वादाचा अपवाद दलालीचा. परदेशी कंपनीसाठी भारतात ग्राहक शोधून कमिशन घेणाऱ्याला कायदा ‘मध्यस्थ’ म्हणतो. कलम १३(८)(ब) नुसार मध्यस्थाच्या सेवेचं ठिकाण तो स्वतः जिथे आहे तिथे धरलं गेलं. म्हणजे पैसे परदेशातून आले तरी कर भारतात. हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. जून २०२१ मध्ये खंडपीठातल्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी तरतूद वैध ठरवली, मात्र तिचा वापर आयजीएसटी कायद्यापुरताच मर्यादित ठेवला. पुढे ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६व्या बैठकीत जीएसटी परिषदेनं हे कलम वगळण्याची शिफारस केली. त्यामुळे कमिशनवर काम करणाऱ्यांनी बिलाच्या तारखेला कोणती तरतूद लागू होती, हे पाहूनच निर्णय घ्यावा. वेबसाइट, डिझाइन, लेखन असं काम स्वतः करून देणारा सहसा मध्यस्थ ठरत नाही.

नोंदणी कधी करायची?

महाराष्ट्रात फक्त सेवा देणाऱ्यांसाठी मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांची आहे. निर्यात हा आंतरराज्य पुरवठा मानला जातो, त्यामुळे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते असा समज आहे. पण ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेनं सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत यातून सूट दिली आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. कर शून्य असला तरी निर्यातीची रक्कम उलाढालीत मोजली जाते. महिन्याला दीड लाख म्हणजे वर्षाला १८ लाख, नोंदणी सक्तीची नाही. महिन्याला १ लाख ८० हजार म्हणजे २१ लाख ६० हजार, नोंदणी हवीच. ‘आमचं सगळं काम परदेशी, मग नोंदणी कशाला?’ हा युक्तिवाद चालत नाही. शून्य दर आणि करमुक्ती या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोंदणीसाठी शहरात ऑफिस घ्यायची गरज नाही. राहत्या घराचा पत्ता चालतो. घर दुसऱ्याच्या नावावर असेल, तर त्याचं संमतीपत्र आणि घराचा पुरावा जोडावा लागतो.

कर न भरता बिल कसं करायचं?

नोंदणीनंतर दोन मार्ग असतात. एक, आधी आयजीएसटी भरायचा आणि नंतर परतावा मागायचा. दुसरा, ‘एलयूटी’ म्हणजे हमीपत्र देऊन कर न भरताच बिल करायचं. लहान व्यावसायिकाला दुसरा मार्ग सोयीचा, कारण पैसा अडकत नाही.

एलयूटी जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ या फॉर्ममध्ये भरतात. त्याला शुल्क नाही. ते एका आर्थिक वर्षापुरतं असतं, म्हणून दर एप्रिलला नव्याने भरावं लागतं. उशीर झाला म्हणून निर्यातीचा लाभ नाकारू नये, असं मार्च २०१८ च्या केंद्रीय परिपत्रकात म्हटलं आहे. तरी वेळेत भरलेलं बरं, कारण पुढचा पत्रव्यवहार वाचतो. बिलावर ‘एकात्मिक कर न भरता, हमीपत्राखाली निर्यात’ या अर्थाची ओळ लिहावी लागते.

पैसे अडकले तर?

बिलाच्या तारखेपासून एक वर्ष किंवा परकीय चलन कायद्यानुसार मिळालेली मुदत, यातली जी नंतर संपेल तोपर्यंत पैसे यायला हवेत. नाही आले, तर पुढच्या १५ दिवसांत कर व्याजासह भरावा लागतो. म्हणून बँकेकडून मिळणारा परकीय रकमेचा दाखला प्रत्येक बिलासोबत जपून ठेवायचा. पैसे निर्यातीचेच आहेत, हे दाखवणारा तो मुख्य कागद.

फायदा काय?

इंटरनेट, सॉफ्टवेअर, सीएची फी यांवर भरलेल्या जीएसटीचा परतावा निर्यातदाराला मागता येतो. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. एलयूटीच्या मार्गात लॅपटॉपसारख्या भांडवली वस्तूंवरचा कर मात्र या परताव्यात धरत नाहीत.

दुर्लक्ष केलं तर?

वर्षाला २१ लाख ६० हजारांच्या कामावर १८ टक्के म्हणजे ३ लाख ८८ हजार ८०० रुपये. निर्यात सिद्ध करता आली नाही, तर एवढ्या रकमेची मागणी येऊ शकते आणि वर व्याज. कागद नीट असतील, तर त्याच कामावर कर शून्य. विवरणपत्रं मात्र वेळेवर भरावीच लागतात. आणि जीएसटी शून्य असला तरी प्राप्तिकर वेगळा असतो, तो कमाईवर लागतोच.