गुराबेची कुळकथा

बारामतीजवळच्या काटेवाडीच्या शिवारात पाणी म्हणजे विहिरीचे किंवा निरेच्या कालव्याचे. तेथे 'गुराब' हा शब्द कोणाच्या ओठी नसावा हे स्वाभाविकच आहे. तरीही सुपे-इंदापूर परगण्यांच्या ज्या जहागिरीतून भोसल्यांचे राज्य वाढीस लागले, त्याच राज्याने कोकणच्या किनाऱ्यावर आरमार उभारले, आणि त्या आरमाराची मदार ज्या जहाजांवर होती त्यांत गुराब अग्रगण्य होती. शब्द मूळचा अरबी, अर्थ 'कावळा'. मराठीत तो स्त्रीलिंगी झाला, इंग्रजांच्या तोंडी 'ग्रॅब' झाला. हिसकावून घेणे या अर्थाच्या त्यांच्या क्रियापदाशी त्याचा काहीही संबंध नाही.

रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने 1763 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गुराबेचे जे वर्णन केले, त्याइतके बारकाईचे वर्णन माझ्या वाचनात नाही. डोलकाठ्या बहुधा दोन, क्वचित तीन. तीन असल्यास भारक्षमता सुमारे 300 टन, दोन असल्यास 150. नाळ पुढे लांब निमुळती निघालेली, तिच्या कडांना आडोसा नसल्यामुळे समोरून आदळलेली लाट वरून निथळून जाई, आणि मागच्या आडभिंतीच्या भोकांतून दोन तोफा थेट नाळेवरून पुढे मारा करीत. ज्या सुतारांच्या हातांनी हे घडले, त्यांच्याबद्दल मला अपार आदर वाटतो.

फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात विजयदुर्गाखाली मराठ्यांचे आरमारी सरदार तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. पूर्वी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडून जिंकून घेतलेल्या 'रेस्टोरेशन' जहाजावर गोळा पडून आग लागली व ती शेजारच्या गुराबांवर पसरली. पेशव्यांचे सैन्य त्या वेळी इंग्रजांच्या बाजूस होते, हे लिहिताना आजही मन विषण्ण होते.

या प्रसंगाचे चित्र 1771 साली रंगविले ते डॉमिनिक सेर याने. फ्रान्समध्ये जन्मलेला, घर सोडून स्पेनमध्ये खलाशी झालेला आणि इंग्रजांच्या हाती सापडून इंग्लंडात आलेला हा मनुष्य 1768 साली रॉयल अकादमीचा संस्थापक-सदस्य व 1780 साली तिसऱ्या जॉर्ज राजाचा सागरी चित्रकार झाला. जहाजे कशी रेखाटावीत हे शिकविणारा त्याचा ग्रंथ पुत्राच्या सहकार्याने सिद्ध होऊन त्याच्या मृत्यूनंतर, 1805 साली प्रकाशात आला.

सेर 1793 साली वारला. आमच्या बारामतीस बाबूजी नाइकांच्या पदरी असलेले कवी मोरोपंत पुढच्याच वर्षी. पंतांची अलौकिक लेखणी रामायण-महाभारतात रमली, आणि गुराबेचे चित्र आज ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे.