आईबापाचा मान आणि मालकाची ताबेदारी

१८३३ साल. अमेरिकेतल्या जॉर्जियातला लिबर्टी परगणा. नाव स्वातंत्र्याचं आणि शेतावर राबणारे काळे गुलाम. त्यांच्यापुढं चार्ल्स कोलकॉक जोन्स हा पाद्री उभा. हा स्वतःच गुलामांचा मालक. त्यानं बायबलातलं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र काढलं. अनेसिम या गुलामाला पौल मालकाकडं परत धाडतो, ते पत्र. जोन्स सांगू लागला, मालकाशी इमान राखा, पळून जाऊ नका. निम्मे लोक उठले आणि चालू लागले. उरलेल्यांतले काही म्हणाले, असलं पत्र बायबलात नाहीच. काही म्हणाले, हा मालकांना खूश करायला बोलतोय. जोन्सनंच हे लिहून ठेवलंय.

लक्षात घ्या दोस्तांनो, गुलामाला वाचायला शिकवणं तिथं कायद्यानं गुन्हा होता. तरी या माणसांना खोट कळली.

खोट कुठं होती? दहा आज्ञांतली एक आज्ञा सांगते, आईबापाला मान द्या. तिच्यात मालक नाही, राजा नाही. मग ते आले कुठून? मार्टिन ल्यूथरनं १५२९ च्या प्रश्नोत्तरीत लिहिलं की सगळी सत्ता आईबापाच्या सत्तेतूनच निघते. जोन्सच्या प्रेस्बिटेरियन पंथानं मानलेल्या १६४७ च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीत तर आईबाप या शब्दात घरात, चर्चमध्ये, राज्यात देवानं वर बसवलेले सगळेच घातले. जोडीला रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय होताच : सत्ता देवाकडून येते. झालं! मालक बाप बनला.

आणि खऱ्या आईबापाचं काय? व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यानं गुलाम बाईचं पोर जन्मतःच गुलाम ठरलं. बाप मालकच असला तरी. फ्रेडरिक डग्लस १८४५ च्या आत्मचरित्रात सांगतो, त्याला तान्हेपणीच आईपासून तोडलं. ती बारा मैलांवर राबायची. दिवसभर राबून रात्री चालत यायची आणि उजाडायच्या आत निघून जायची. जन्मात चार-पाच वेळाच त्यानं तिला पाहिलं. आईला मान द्यायला आई तर राहू द्यायची होती!

१८०७ साली लंडनला वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी निवडक बायबल छापलं. मोशेनं गुलामांना मिसरातून सोडवलं, ती गोष्ट कापली. मालकांच्या आज्ञेत राहा, हे ठेवलं.

हॉवर्ड थर्मन या काळ्या धर्मचिंतकानं १९४९ च्या पुस्तकात आपल्या आजीची गोष्ट सांगितलीय. ती गुलामीत वाढलेली, निरक्षर. नातवाकडून बायबल वाचून घ्यायची, पण पौलाची पत्रं जवळजवळ वाचूच द्यायची नाही. मालकाचा पाद्री त्यातलंच सांगायचा म्हणून. म्हातारीनं देव सोडला नाही, मालकाची पानं तेवढी सोडली.

जोतीरावांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ हे गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, ती उगीच नाही. आपल्या आज्या-पणज्यांनाही जोहार घालताना वतनदाराला ‘मायबाप’ म्हणावं लागे. सरकारही मायबापच! शब्द घरचा, हुकूम वाड्यावरचा.

मान वेगळा, ताबेदारी वेगळी. राबून हाडं झिजलेल्या आईबापाला मान द्याच. पण साहेब असो, सरकार असो, नाहीतर आपल्याच संघटनेचा पुढारी असो, बापाच्या जागी बसून तो तोंड मिटायला सांगू लागला, तर लिबर्टीच्या त्या अडाणी माणसांसारखं उठून चालू लागा.